झाडाखालची माती

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, याची माहितीपत्रके कृषी विभाग गेली कित्येक वर्षे वाटतो. मजकूर जवळपास ठरलेला असतो. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावीत, प्रत्येक ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करावा, कडेची माती खरवडून घ्यावी, सगळी एकत्र मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि असे करत अर्धा किलो माती उरली की पिशवीत भरावी. शेवटी एक सूचना असते : बांधाजवळचा, खताच्या खड्ड्याजवळचा, जनावरे बसतात तिथला आणि झाडाखालचा नमुना घेऊ नये.

सूचना बरोबर आहे. झाडाखालची माती बाकीच्या शेतासारखी नसते. ती मिसळली तर सगळ्या शेताचा अहवाल बिघडतो. पण याचा दुसरा अर्थ फारसा कुणी लक्षात घेत नाही. शेतातल्या ज्या कोपऱ्यात माती वेगळी झाली आहे, तो कोपरा मृदा आरोग्य पत्रिकेत कधी येतच नाही. पत्रिकेवरच्या बारा रकान्यांत नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब वगैरे सगळे असते. मात्र बांधावरच्या बाभळीने गेल्या तीस वर्षांत तिच्या पायाखाली काय केले, याची नोंद कुठे होत नाही. मग ती बाभूळ तोडायची की ठेवायची, हा निर्णय एकाच गोष्टीवर होतो. तिच्या सावलीत बाजरीची कणसे बारीक राहतात, हे डोळ्यांना दिसते.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगावकडच्या कोरडवाहू पट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. पश्चिमेला इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर येवल्यात जेमतेम पाचशे. या पूर्व भागातली जमीन कुठे काळी, कुठे हातभर मातीखाली मुरूम. नांगराखाली आलेली शेते आणि मधे गवताचे माळ. शेतांत आणि माळांवर बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब, पळस अशी सुटी सुटी झाडे. जगाच्या नकाशावर अशा प्रदेशाला सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतला प्रचंड पट्टा असाच आहे. म्हणून झाडे आणि माती यांच्या नात्यावर तिथे झालेले संशोधन इथल्या शेतकऱ्यालाही उपयोगाचे आहे.

केनियातल्या त्सावो परिसरात जॉय बेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकट्या उभ्या असलेल्या बाभूळवर्गीय झाडांखालची आणि गोरखचिंचेखालची जमीन तपासली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले की झाडाच्या घेराखाली माती थंड होती, तिच्यात पोषक द्रव्ये जास्त होती, आणि गवतही बाहेरच्या उघड्या जमिनीपेक्षा जास्त वाढत होते. राजस्थानात जोधपूरच्या काझरी संस्थेने खेजडीखालच्या मातीबद्दल असेच निष्कर्ष काढले आहेत. खेजडीखाली बाजरी चांगली येते, हे मारवाडातल्या शेतकऱ्याला संशोधनाआधीच ठाऊक होते.

कारणे अनेक आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पाला गळतो, कुजतो, हे पहिले आणि सगळ्यांना माहीत असलेले. त्याहून कमी दिसणारे काम मुळांचे आहे. झाडाची केसासारखी बारीक मुळे सतत मरतात आणि नवी फुटतात. मेलेली मुळे मातीत आतच कुजतात. त्यांना ना वारा उडवून नेतो, ना शेळी खाते, ना कुणी सरपणासाठी गोळा करते. खोल गेलेली मुळे मुरुमाच्या थरातून चुना, पालाश वर आणतात आणि पाल्यातून जमिनीवर टाकतात. बाभूळ, पळस, करंज अशा शेंगावर्गातल्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. कडुनिंब आणि बोर यांना ही सोय नाही. शिवाय मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे तापतो, तेव्हा सावलीतली माती कितीतरी थंड राहते. त्यामुळे तिथले जिवाणू, गांडुळे, वाळवी यांचे काम जास्त दिवस चालते.

आणि एक कारण अगदी साधे. झाडाखाली सगळेच येऊन बसतात. पक्षी फांदीवर, जनावरे सावलीत. बाभळीच्या शेंगा खायला शेळ्या दुपारभर तिथेच. शेतभर चरून आलेल्या जनावराचे शेण आणि मूत एका जागी पडते. थोडक्यात, झाड इतर ठिकाणची सुपीकता आपल्या पायाशी गोळा करते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण गोळा केलेली सुपीकता आणि नव्याने तयार झालेली सुपीकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी झाड की आधी माती?

इथे एक अडचण येते. झाडाखाली माती चांगली आहे, म्हणजे झाडानेच ती चांगली केली, असे धरून चालता येत नाही. कदाचित त्या जागी माती आधीपासूनच बरी होती, म्हणून तिथे रोप तगले.

ही शंका नुसती तर्काची नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात फेडरबिया नावाची एक बाभूळवर्गीय जात आहे. तिची रीत उलटी. पावसाळा सुरू झाला की पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवी होते. पिकाच्या हंगामात तिची सावली नसते, पाण्यासाठी भांडणही कमी, आणि गळलेला पाला नेमका पेरणीच्या वेळी मातीत. त्यामुळे तिच्याखाली बाजरी-ज्वारी जोमाने येते आणि शेतकरी ती जपतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या इक्रिसॅट केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा असे आढळले की शेतात ज्या ठिकाणी जमीन मुळातच सुपीक होती, तिथे या झाडाची रोपे जास्त जोमाने वाढत होती. म्हणजे काही प्रमाणात चांगल्या जागेने चांगले झाड दिले होते.

म्हणून आपोआप उगवलेल्या झाडांपेक्षा लावलेली झाडे या प्रश्नाचे जास्त सरळ उत्तर देतात. माणूस झाड लावतो तेव्हा माती पाहून नाही, दोरी लावून खड्डे घेतो. दर दहा फुटांवर एक. तिथली माती दहा-पंधरा वर्षांनी बदललेली दिसली, तर श्रेय किंवा दोष झाडाचाच.

नाशिक जिल्ह्याने असा एक मोठा प्रयोग पाहिला आहे, जरी तो मातीसाठी केलेला नव्हता. १९८०च्या दशकात निफाडजवळच्या कुंदेवाडीचे विनायकदादा पाटील यांनी शेतात निलगिरी लावली, इतरांना लावायला उद्युक्त केले आणि निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली. पुढे मंत्री राहिलेल्या आणि २०२० मध्ये निधन पावलेल्या या नेत्याने नंतर जट्रोफाचा म्हणजे जैवइंधनाचाही असाच पाठपुरावा केला. पीक म्हणून निलगिरीत तथ्य होते. मजूर कमी लागतात, जनावरे तिला तोंड लावत नाहीत, लाकूड सरळ वाढते, आणि गरज पडेल तेव्हा तोडून पैसा उभा करता येतो. दशकाच्या अखेरीस देशात अनेक ठिकाणी वाशांचे भाव पडले आणि ती लाट ओसरली.

त्याच काळात निलगिरीविरुद्धचा रागही टिपेला होता. १९८३ मध्ये कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत घुसून निलगिरीची रोपे उपटली. निलगिरी जमीन नापीक करते, पाणी पिऊन टाकते, असा तेव्हाचा आरोप. तो आजही गावोगावी ऐकू येतो.

आरोपाचा पाण्याबद्दलचा भाग बराचसा खरा निघाला. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ इयान काल्डर यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर कर्नाटकात मोजमापे केली. शेतजमिनीवर लावलेल्या कोवळ्या निलगिरीने काही वर्षी तिथे पडलेल्या पावसापेक्षा जास्त पाणी वापरले होते. जास्तीचे पाणी आले कुठून? मुळे दरवर्षी अडीच मीटरच्या आसपास खोल जात होती आणि आधीच्या कित्येक वर्षांचे मुरलेले पाणी उपसत होती. पाण्याच्या मानाने निलगिरी लाकूड भरपूर देते, हेही खरे आहे. त्यामुळे ती उधळी आहे असे म्हणता येत नाही. पण तिच्या खालच्या विहिरीला त्याचा काय उपयोग!

मातीबद्दलचा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे. निलगिरीच्या पानात नत्र कमी, तेल आणि तुरट द्रव्ये जास्त. ते सावकाश कुजते. सावकाश कुजणे वाईट नाही, जमिनीवर आच्छादन राहते. पण तो पाला झाडून सरपणाला नेला, आणि चार-सहा वर्षांनी झाड सालीसकट ट्रकमध्ये भरून पाठवले, तर मातीकडे परत काय आले? निलगिरीच्या सालीत चुन्याचे प्रमाण मोठे असते. साल शेतातच सोलून टाकली, डहाळ्या आणि पाला तिथेच राहू दिला, तर नुकसान पुष्कळ कमी होते. म्हणजे माती बिघडवण्यात झाडाचा जेवढा वाटा, तेवढाच ट्रकमध्ये काय भरले जाते याचाही.

किती पाला, किती कर्ब?

झाडे लावली की सेंद्रिय कर्ब वाढतो, असे भाषणात सहज सांगितले जाते. हिशोब करून पाहिला की त्यातले कष्ट कळतात. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती साधारण साडेआठ लाख किलो भरते. तिच्यातला कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर साडेआठशे किलो कर्ब तिथे टिकून राहायला हवा. वाळलेल्या पाल्यात जवळपास निम्मा कर्ब असतो. पण जिवाणू तो खाऊन बहुतेक सगळा हवेत सोडतात. आपल्या उन्हात वर्ष-दोन वर्षांनी सहाव्या-सातव्या हिश्शाहून जास्त उरला तर नशीब. म्हणजे दहा-पंधरा टन वाळलेला पाला हवा, तोही एका एकराला. बांधावरच्या एका मध्यम झाडाचा वर्षाचा पाला किलोंत मोजावा लागतो. भारतात ०.५ टक्क्याच्या खालचा कर्ब ‘कमी’ आणि ०.७५च्या वरचा ‘जास्त’ मानतात. मधले अंतर पाव टक्क्याचे. ते दोन-तीन हंगामांत पार करून देण्याचे आश्वासन कुणी दिले, तर पाल्याचा हिशोब मागावा.

मग झाडे दाट लावली तर? हाही प्रयोग होऊन गेला आहे. नायजेरियात इबादान इथल्या संशोधन केंद्राने १९८०च्या सुमारास सुबाभळीच्या ओळी आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात मका, अशी पद्धत पुढे आणली. ओळी छाटायच्या, पाला पट्ट्यात पसरायचा. भरपूर पावसात ती बरी चालली. भारतात सुबाभूळ पसरवण्यात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेचा मोठा वाटा. पण हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटच्या शेतावर, आपल्यासारख्याच कोरडवाहू हवामानात, ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यांशेजारी सुबाभळीच्या ओळी लावल्या, तेव्हा पाल्याने जे दिले त्यापेक्षा मुळांनी ओढलेल्या पाण्यामुळे जास्त गेले. झाडांची मुळे पिकाच्याच थरात पसरली होती. सावलीपेक्षा हे पाण्याचे भांडण पिकाला महागात पडले. बांधाशेजारची तास मार खाते, हा शेतकऱ्याचा अनुभव म्हणूनच खोटा नाही. फक्त तो सगळा दोष सावलीवर ढकलतो, तेवढीच दुरुस्ती.

या अपयशातून निघालेला मार्ग जास्त व्यवहारी ठरला. झाड पिकात नको, बांधावर असू द्या, आणि पाला मात्र शेतात न्या. गिरिपुष्प हे त्यासाठीचे हुकमी झुडूप. शेंगावर्गातले, फांदी खोचली तरी जगणारे, कितीही छाटले तरी फुटणारे. त्याचा पाला कोवळा, नत्राने भरलेला आणि लवकर कुजणारा. पाटणचेरूच्याच प्रयोगात हेक्टरी सुमारे सातशे मीटर बांधावरच्या गिरिपुष्पाच्या छाटणीतून, झुडपे चार-पाच वर्षांची झाल्यावर, वर्षाला तीसेक किलो नत्र मिळाले. युरियाच्या भाषेत दीड गोणी. कर्बासाठी मात्र हा पाला फार उपयोगी नाही. जो लवकर कुजतो तो लवकर संपतो. नत्रासाठी गिरिपुष्प आणि कर्बासाठी तुरीच्या काड्या, कपाशीच्या पळाट्या, निंबाचा सुका पाला अशी सांगड घातली तरच दोन्ही साधते. यात सगळ्यांत मोठी अडचण विज्ञानाची नाही, मजुरीची आहे. ऐन खरिपात छाटायला माणूस मिळत नाही, आणि युरियाची गोणी फोडायला एकटा पुरतो.

पश्चिमेकडचे उलटे गणित

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे झाडांचा पाला जमिनीला देण्याची पद्धत शेकडो वर्षांची आहे. फक्त तो कुजवून नाही, जाळून. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, नागली-वरई-भाताच्या रोपांसाठीच्या वाफ्यावर शेण, पाला, गवत, वर मातीचा थर असे रचायचे आणि राब भाजायचा. इंग्रज अधिकाऱ्यांना ही निव्वळ नासाडी वाटे. यावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वनखाते आणि शेतकरी यांच्यात मोठे वाद झाले. भारतीय शेतीची पाहणी करायला आलेल्या जॉन व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली होती.

राबाने काय साधते? तणाचे बी भाजून निघते. राखेतून पालाश, चुना, स्फुरद मिळतो, आणि मुसळधार पावसाने धुतलेल्या आम्लधर्मी लाल मातीला त्यांची गरज असते. नत्र आणि कर्ब मात्र धुरात जातो. वाफा गुंठाभर, आणि त्यासाठी छाटलेला पाला कित्येक गुंठ्यांवरच्या झाडांचा. बाभळीखाली शेळ्यांनी जे केले तेच इथे माणूस करतो. मोठ्या क्षेत्राची सुपीकता एका लहान वाफ्यात आणतो. रोपे उत्तम येतात. ज्या उतारावरची झाडे दरवर्षी ओरबाडली जातात, तिथली माती मात्र उघडी पडते आणि पावसाबरोबर ओढ्याला जाते.

याच उतारांवर गेल्या काही दशकांत ‘वाडी’ उभ्या राहिल्या. गुजरातच्या वांसद्यात १९८२ मध्ये बाएफने सुरू केलेली ही पद्धत नाशिकमधून काम करणाऱ्या ‘मित्र’ या तिच्या सहयोगी संस्थेने आणि नाबार्डच्या आदिवासी विकास निधीने इथे रुजवली. आदिवासी कुटुंबाच्या साधारण एकरभर वरकस जमिनीवर आंबा, काजू यांची कलमे, कुंपणाला गिरिपुष्पासारखी झाडे, आणि मधल्या मोकळ्या जागेत पहिली काही वर्षे नागली, भाजीपाला, कडधान्य. एरवी वरई घेऊन झाल्यावर पडीक ठेवावी लागणारी जमीन वर्षभर काहीतरी देऊ लागली.

वाडीत माती सुधारते का? बहुतेक वाड्यांत ती सुधारलेली दिसते. पण श्रेय वाटताना सावध राहावे लागते. वाडी लावताना उताराला आडवे चर खणतात, खड्ड्यात बाहेरची चांगली माती आणि शेणखत भरतात, चराई बंद करतात. माती वाहून जायची थांबली, यातले अर्धे काम चरांचे. झाडाचे काम त्यानंतर सुरू होते. ते हळू चालते आणि आंब्याखालचा पाला झाडून पेटवला जात नसेल तरच चालते. वाडीतला पाला पेटवणे हे राबाच्या सवयीचे शेपूट आहे. राबात निदान राखेचा उपयोग होतो.

माळावर झाड लावावे का?

महाराष्ट्रात वृक्षलागवडीची उद्दिष्टे आकड्यांत ठरतात. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा, २०१९ मध्ये तेहतीस कोटी. एवढे खड्डे घ्यायचे तर मोकळी जागा लागते, आणि ‘मोकळी’ म्हणून पहिली नजर जाते गवताच्या माळावर. इथे मातीचे विज्ञान थोडे थांबायला सांगते.

एल. बी. गुओ आणि आर. एम. गिफर्ड यांनी २००२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले. नांगरटीच्या जमिनीवर झाडे लावली, तेव्हा मातीतला कर्ब सरासरी १८ टक्क्यांनी वाढला होता. गवताळ कुरणावर लावली, तेव्हा सरासरी १० टक्क्यांनी घटला होता. ही घट मुख्यतः पाइनसारख्या झाडांखाली आणि जास्त पावसाच्या प्रदेशात होती. त्यामुळे येवला-नांदगावच्या कोरड्या माळाला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण कारण दोन्हीकडे एकच आहे. बारमाही गवताच्या मुळांचे जाळे मातीत आधीच भरपूर कर्ब धरून असते. जेसीबीने चर मारून ते जाळे तोडले, की झाड मोठे होऊन भरपाई करेपर्यंत तोटाच असतो. ज्या जमिनीने कर्ब आधीच गमावला आहे, म्हणजे वर्षानुवर्षे नांगरलेल्या शेताने, तिथे झाडाला देण्यासारखे सगळ्यांत जास्त आहे. आणि नेमकी तिथलीच झाडे कमी होत आहेत.

माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी साहित्यात, तेराव्या शतकापासूनच्या ग्रंथांत आणि ओव्यांत, कोणत्या वनस्पतींचे उल्लेख येतात, हे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी शोधले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उल्लेख सापडलेल्या जातींपैकी सुमारे दोन तृतीयांश सॅव्हानातल्या निघाल्या. माळ सातशे वर्षांपूर्वीही माळच होता. येवल्याजवळच्या ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. काळवीट दाट झाडीत राहत नाही.

पाण्याच्या बाबतीतही विरळ झाडांची बाजू अलीकडे बळकट झाली आहे. स्वीडनच्या उल्रिक इल्स्टेट आणि सहकाऱ्यांनी बुर्किना फासोमधल्या शेतांत जमिनीत खोल मुरणारे पाणी मोजले. २०१६च्या या निष्कर्षानुसार झाडेच नसलेल्या शेतात पाणी मुरण्याऐवजी वाहून किंवा वाफ होऊन जाते. फार दाट झाडी असेल तर झाडेच ते पितात. मधे कुठेतरी, सुट्या झाडांच्या शेतात, भूजल सर्वाधिक भरते. मुळांनी आणि वाळवीने केलेली छिद्रे झाडाच्या घेराबाहेरही दूरवर पाणी आत घेतात. काल्डर यांची कर्नाटकातली निलगिरी आणि ही सुटी झाडे यांत विरोध दिसतो, पण तो तसा नाही. एकाने रान मोजले, दुसऱ्याने बांध.

नाशिकच्या पूर्व भागातल्या शेताला नेमकी हीच विरळ घडण पूर्वापार होती, आणि ती कुणी योजना आखून केली नव्हती. नांगर, वखर, बैलगाडीचा आस यांना बाभळीचे लाकूड लागे, म्हणून बांधावर बाभळी राखल्या जात. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आले तसे बाभळीचे काम संपले. उलट ट्रॅक्टर वळवायला ती आडवी येऊ लागली. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून भारतातल्या शेतांमधली झाडे मोजली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २०१८ ते २०२२ या चार वर्षांत ५० लाखांहून जास्त मोठी झाडे नाहीशी झाल्याचे दिसले. सरासरी घेर ६७ चौरस मीटर, म्हणजे एका खोलीच्या घराएवढी तर त्यांची सावलीच होती. जास्त घट झालेल्या भागांत तेलंगणाबरोबर महाराष्ट्रही आहे. तोडलेल्या कडुनिंबाच्या बदल्यात दहा रोपे लावली, तरी त्याच्याखालच्या मातीची बदली त्या दहा खड्ड्यांत लगेच होत नाही.

आपल्या बांधावरचे झाड मातीचे किती भले करते, हे पाहायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा झाडाच्या घेराखाली तीन बोटे खोल ठोकावा, त्यात लिटरभर पाणी ओतून ते जिरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. मग पन्नास-साठ पावलांवर, शेताच्या मध्यात, तेच करावे. काळ्या जमिनीत हे हिवाळ्यात करावे. उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाणी भेगेतून पळते आणि आकडा फसवतो. खोऱ्याने एकेक ढेकूळ काढून गांडुळे, मुळे, वास हेही ताडून पाहता येते.

आणि प्रयोगशाळेत पाठवायचेच असेल, तर दोन पिशव्या कराव्यात. एक शेताची, माहितीपत्रकातल्या सूचनेप्रमाणे. दुसरी झाडाखालची, जी घेऊ नका म्हणतात ती. चिठ्ठ्या वेगळ्या लिहाव्यात, दोन्ही नमुने एकाच दिवशी आणि एकाच खोलीवरून घ्यावेत, आणि अहवालातला सेंद्रिय कर्बाचा रकाना शेजारी शेजारी ठेवावा. झाड नवीन लावलेले असेल, तर पहिला नमुना लागवडीच्या वर्षीच काढून आकडा लिहून ठेवायला हवा. तीन वर्षांनी त्याच महिन्यात पुन्हा काढला तरच तुलना होते.